मानाची रात्र

देवळाच्या मागच्या पडवीत एक पत्र्याची ट्रंक उघडते. आत छोटा आरसा, सफेद्याची डबी, कुंकू, काजळ, खोबरेल तेलाची बाटली, घडी करून ठेवलेली साडी आणि कापडात गुंडाळलेला मुकुट. पन्नाशीचा एक माणूस सतरंजीवर मांडी घालून बसतो, आरसा ट्रंकेच्या झाकणाला टेकवतो आणि चेहऱ्याला तेल लावायला घेतो. दिवसभर तो गवंडीकाम करून आलेला असतो किंवा शेतावरून आलेला असतो. रंगवायला वेगळा माणूस नाही, साडी नेसवायला कोणी नाही. भुवया कोरताना हात एकदाही थांबत नाही. तासाभरात त्या सतरंजीवरून द्रौपदी उठते. शेजारच्या सतरंजीवर तोवर दुर्योधन तयार झालेला असतो आणि कोपऱ्यात कोणीतरी विष्णूचा मुकुट फडक्याने पुसत असतो.

बाहेर पालखी देवळाला प्रदक्षिणा घालत असते. खाजे, चणे-कुरमुरे, खेळणी आणि बांगड्यांच्या दुकानांची रांग लागलेली असते. देवीची ओटी भरून झालेल्या बायका मुलांना मांडीवर निजवून सभामंडपात जागा धरून बसलेल्या असतात. मध्यरात्रीच्या सुमारास पायपेटीचा सूर निघतो, मृदंगावर थाप पडते, झांज वाजते आणि दशावतार सुरू होतो. सिंधुदुर्गात याला ‘धयकालो’ म्हणतात, म्हणजे दहीकाला. नाव पहाटेच्या दहीहंडीवरून पडलं आहे, कारण हंडी फुटेपर्यंत कोणी घरी जात नाही.

दक्षिण कोकणाची ओळख करून घ्यायची असेल, तर ती इथून सुरू करावी. बहुतेक पाहुणे मात्र समुद्राकडून सुरुवात करतात, आणि पुष्कळदा तिथेच थांबतात.

त्यात त्यांचा दोष नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तेव्हापासून त्याच्या जाहिरातींत निळं पाणी, पांढरी वाळू आणि माडांची रांग हेच दिसत आलं. उत्तरेला विजयदुर्गची खाडी, दक्षिणेला तेरेखोल, मध्ये सुमारे १२० किलोमीटरची किनारपट्टी. मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे आणि आजही काही कुटुंबं आत राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. किल्ले पाहावेतच. पण किल्ला पाहून होडी परत धक्क्याला लागली की पाहुणा जेवून झोपतो, आणि नेमकं त्याच वेळी किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आतल्या एखाद्या गावात ट्रंक उघडत असते.

आतला मुलूख समजून घ्यायला एक शब्द पुरतो: मान.

इथे गावाचा देव एकटा नसतो. रवळनाथ, सातेरी, माऊली, भूतनाथ, वेतोबा अशी देवांची मांडणी असते आणि त्या प्रत्येकाशी गावातल्या कोणत्या घराचं काय नातं, हे ठरलेलं असतं. पालखीला पहिला खांदा कोणाचा, दिवटी कोणी धरायची, ढोल कोणी वाजवायचा, तरंग कोणी उचलायचं, गाऱ्हाणं कोणी घालायचं. हे सगळे मान आहेत. मान म्हणजे हक्क, पण त्याहून जास्त ती बांधिलकी असते. मुंबईत नोकरी करणारा मानकरी त्या दिवशी रजा टाकून येतोच, कारण तो आला नाही तर त्याच्या वाट्याचं काम दुसऱ्या कोणी करायचं नसतं. परंपरा टिकवण्याची भाषणं या जिल्ह्यात फारशी ऐकू येत नाहीत. त्यांची गरज कमी पडते, कारण परंपरा इथे कोणाच्या ना कोणाच्या नावावर लावलेली आहे, जशी जमीन सातबाऱ्यावर लावलेली असते.

सातेरीचंच पाहा. अनेक गावांत या देवीचं मूळ रूप म्हणजे वारूळ. जमिनीतून वर आलेली लाल मातीची रास, तिच्यावर मुखवटा चढवलेला, साडी नेसवलेली. देऊळ नंतर भोवती बांधलं गेलं. देवळाच्या मागे देवराई असते. तिच्यातली फांदी तोडायची नाही, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेल्यामुळे जांभ्याच्या उघड्या कातळात मधूनच ही गर्द झाडी उभी दिसते.

देवाला विचारल्याशिवाय इथे महत्त्वाचं पाऊल उचलत नाहीत. विचारण्याची रीत म्हणजे कौल. मूर्तीच्या अंगावर ठरावीक जागी ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचं. गाऱ्हाणं हा प्रकार बाहेरच्या माणसाने एकदा तरी जवळ उभं राहून ऐकावा. गावकार, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, हात जोडून देवाशी बोलतो, मोठ्याने, तोंडाला येईल त्या मालवणीत. कोणाच्या घरचं दुखणं, कोणाचा अडलेला विवाह, परदेशी गेलेला मुलगा, पाहुणा आला असेल तर त्याचंही नाव घेऊन सगळं देवासमोर मांडतो. आणि प्रत्येक मागण्यानंतर भोवतीची माणसं एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ त्यात प्रार्थना आहे, पण आर्जव फारसं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसापुढे गाऱ्हाणं मांडावं, तसा तो सूर असतो.

देवाशी असलेलं हे घरगुती नातं वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत डोळ्यांनी दिसतं. तिथला वेतोबा पुरुषभर उंचीहूनही उंच, उभा. मूर्ती पूर्वी लाकडी होती, आता पंचधातूची आहे. त्याच्यासमोर नवसाच्या चपलांचे जोड मांडलेले असतात. चामड्याच्या, मोठ्याच्या मोठ्या, कोणाही माणसाच्या पायाला न येणाऱ्या. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, गाव राखतो, आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, असा भाविकांचा विश्वास. म्हणून नवस फेडताना चपलांचा जोड वाहायचा, नाहीतर केळ्यांचा घड. लेखक जयवंत दळवी याच आरवलीचे. शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकरांनी १९२० पासून शिक्षक म्हणून उमेदीची वर्षं घालवली आणि १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तोही याच शिरोड्यात. दोन गावांच्या मध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे.

दसऱ्याला देवळातून तरंग बाहेर पडतात. उंच लाकडी खांब, वर देवतेचं चिन्ह, आणि खाली नव्या कोऱ्या साड्यांच्या निऱ्या थरावर थर बांधलेल्या. तो भार पेलत मानकरी वाद्यांच्या नादात चालू लागतो तेव्हा साड्यांचा घोळ गोल फिरतो. मग अवसर येतो, म्हणजे देव माणसाच्या अंगात येऊन बोलतो, आणि रांगेतले लोक त्याला आपले प्रश्न विचारतात. पाहणाऱ्याने त्यावर श्रद्धा ठेवावी असं नाही. पण वर्षभर मनात दाबून ठेवलेली गोष्ट चारचौघांत उघडपणे बोलायची सोय एखाद्या समाजाने करून ठेवली असेल, तर ती नीट बघावी अशी खचित आहे.

मानाची दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. कोणत्या जातीने कुठवर यायचं, याची उतरंड या व्यवस्थेत मुरलेली आहे. मानापमानाचे वाद कोर्टापर्यंत जातात, कधी त्यापायी उत्सवही बंद पडतात. स्त्रियांच्या वाट्याला मानाची कामं थोडी आणि कष्टाची फार. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत प्रसादाचा स्वयंपाक बायका मौन पाळून करतात. लाखो माणसं ज्या जत्रेला लोटतात, तिचा गाभा म्हणजे हा मुका स्वयंपाक, आणि तो कॅमेऱ्यापुढे कधी येत नाही. या जत्रेला तिथीही नाही. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या या वाडीत आंगणे मंडळी देवीचा कौल घेतात आणि मग तारीख जाहीर होते. ती कळली की मुंबईत रेल्वेच्या तिकिटांसाठी धावपळ सुरू होते.

आता पुन्हा सभामंडपाकडे, कारण नाटक अजून रंगात यायचं आहे.

दशावतार असं नाव असलं तरी दहा अवतारांचा खेळ त्यात होत नाही. पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, शारदा येते आणि मग वेद पळवणारा संकासूर येतो. अंगभर काळा वेष, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लांब लाल जीभ. लहान मुलं आधी किंचाळून आईच्या पदरात शिरतात आणि मग पदराआडून हळूच बघतात. संकासूर असुर खरा, पण त्याच्या तोंडी गावची मालवणी असते. नाईकाशी, म्हणजे सूत्रधाराशी, त्याची जी सवाल-जवाबांची झटापट चालते तिच्यात गावातला रस्ता, सरपंच, महागाई, सगळ्यांचा समाचार घेतला जातो. शेवटी विष्णू त्याला मारतो. हल्ली वेळेअभावी हा पूर्वरंग पुष्कळदा आवरता घेतात, काही ठिकाणी गाळतातच. हे नुकसान मोठं आहे, कारण दशावताराचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोकळा भाग हाच.

नंतरचं आख्यान पुराणातलं. त्याची संहिता कुठे लिहिलेली नसते. कोणतं आख्यान लावायचं हे संध्याकाळी ठरतं, रंगपटात नाईक कथेचा सांगाडा सांगतो, प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि बाकीचं सगळं नटाच्या जिभेवर सोपवलेलं. समोरचा काय बोलेल हे माहीत नाही, तरी उत्तर द्यायचं आहे. तेही संस्कृतप्रचुर मराठीत, छंदात बसेल अशा ओघाने. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडा. तेच सिंहासन, तोच रथ, तीच पर्वताची कडा. शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस धर्म आणि नीती यांवर पाऊणपाऊण तास वाद घालतो आणि पहाटे तीन वाजता दोनशे माणसं तो श्वास रोखून ऐकतात. मराठी रंगभूमीच्या चर्चेत तात्कालिक अभिनयाची उदाहरणं शोधणाऱ्यांनी एवढ्या लांब जाऊन का शोधावीत, हा प्रश्न इथे बसून हमखास पडतो.

वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, चेंदवणकर, आरोलकर अशी कंपन्यांची नावं गावांवरून किंवा घराण्यांवरून पडलेली आहेत. अमुक जत्रा अमुक कंपनीची, हाही मानच. पूर्वी कंपनी एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायची, पेटारा आणि ट्रंका डोक्यावर. त्यातूनच म्हण आली: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. आता टेम्पो आहे. पण पेटाऱ्यातल्या गणपतीच्या मुखवट्याची पूजा झाल्याशिवाय आजही खेळ सुरू होत नाही. स्त्रीभूमिका पुरुषच करत आले. अलीकडे स्त्रियांची दशावतारी मंडळंही उभी राहिली आहेत. ट्रिकसीनवाले खेळही लागतात, धूर आणि रंगीत दिवे येतात आणि त्यांना गर्दी होते. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण २०२२ साली गेले. लोकांनी त्यांना ‘लोकराजा’ ही पदवी दिली होती आणि त्यांचं नाव लागलेल्या नाटकाला माणसं लांबून गाड्या करून येत. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ नावाचा मराठी चित्रपट आला, त्यात दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी उभा केला. पडद्यावर पाहून ज्यांना भरून आलं, त्यांनी आता मंडपात येऊन बसायला हवं. तिथे तिकीट लागत नाही.

कुडाळच्या शेजारी, मुंबई-गोवा महामार्गाला लागून पिंगुळी आहे. इथल्या ठाकर आदिवासी समाजाच्या हाती चित्रकथी आहे. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गायची कथा. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवायची आणि अशा पानांची एक पोथी करायची. कथेकरी पोथी समोर टेकवून बसतो, एकेक पान पुढे घेतो आणि त्या प्रसंगाचं गायन करतो. साथीला वीणा, हुडूक, टाळ. चित्रातली माणसं एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे आणि टपोरे, अंगावरची वस्त्रं ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेली. युद्धाच्या पानावर बाणांची अशी दाटी की कथेकऱ्याचा आवाज चढण्याआधीच डोळ्यांना गलका ऐकू यावा. संग्रहालयांतून ही शैली बराच काळ ‘पैठणी चित्रं’ म्हणून ओळखली गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रं आहेत. पण ती ज्यांच्या हाती आजही गातात, ती माणसं पिंगुळीत आहेत.

याच समाजाकडे कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या आश्रयाने ठाकरांना देवळांतून कथा सांगण्याचे मान मिळाले, त्यावर घरं चालली. संस्थानं गेली, जुन्या करमणुकीची जागा रेडिओने, सिनेमाने घेतली आणि पोथ्या माळ्यावर गेल्या. काही विकल्या गेल्या, काही वाळवीने खाल्ल्या. जुन्या वस्तूंचे व्यापारी दारात येऊन मिळेल त्या किमतीला पानं सुटी करून नेत होते, त्या काळात परशुराम गंगावणे यांनी जमतील तेवढ्या पोथ्या आणि बाहुल्या सांभाळल्या. घराच्या आवारात, गुरांच्या गोठ्याच्या जागी त्यांनी संग्रहालय मांडलं: विश्राम ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या अंगणात गेलं तर घरचीच पुढची पिढी बाहुली हातात घेऊन दाखवते आणि पाहुण्याच्या मुलाला दोरा कसा धरायचा ते शिकवते. तिथे एक चित्र विकत घ्यावं. मॉलमधल्या छापील चित्रापेक्षा ते महाग नाही आणि पैसे थेट काढणाऱ्याच्या हातात पडतात.

जिथे मान पूर्ण तुटला, तिथे काय होतं, हे सावंतवाडीत कळतं.

मोती तलावाच्या काठी लाल जांभ्याचा राजवाडा आहे. त्याच्या दरबारात आज काही कलाकार जमिनीवर बसून गोल पत्ते रंगवताना दिसतात. ही गंजिफा. हा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मोगली गंजिफेत ८ रंग आणि ९६ पत्ते. इथे आल्यावर खेळाने दशावतार धारण केला: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे १० रंग, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे पत्ते, म्हणून १२० पानं. तिघे खेळायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला ४०. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतरायचं, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाने. म्हणजे डाव सुरू करण्याआधी बाहेर उजेड आहे की अंधार, ते बघायचं.

पत्ता करण्याची जुनी रीत वेळखाऊ. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, खडूची पूड लावून वाळवायचे, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग गोल कापायचे. त्यावर बारीक कुंचल्याने मासा, कासव, परशू. शेवटी लाखेचा हात, म्हणजे पत्ता हातात खुळखुळतो आणि घामाने रंग जात नाही. एका पत्त्याचा घेर पाहिला आणि त्यात काढलेल्या मत्स्यावताराचे खवले मोजले, की एका संचाला किती दिवस लागत असतील याचा अंदाज येतो. इंग्रजी छापील पत्ते आल्यावर घराघरांतली गंजिफा मागे पडली. खेळणारे राहिले नाहीत, तेव्हा चिताऱ्याकडे कोणी मागायला येईना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम जाणणारे हात जवळपास संपले होते. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ते स्वतः शिकून घेतलं, तरुणांना शिकवलं, आणि राजवाड्यातच कारखाना घातला. राणीसाहेब २०१८ साली गेल्या. कलाकार अजून बसतात.

पण एक गोष्ट खटकते. हे पत्ते आज काचेच्या कपाटात जातात, भेटीदाखल दिले जातात, त्यांच्यावर कोणी डाव मांडत नाही. दशावताराला प्रेक्षक आहे म्हणून तो बदलत, भांडत, चुकत जिवंत आहे. गंजिफेला गिऱ्हाईक आहे, खेळाडू नाही. गावातल्या दोन-चार शाळांनी महिन्यातून एक दुपार गंजिफेला दिली, तर हे चित्र पालटायला वेळ लागणार नाही. नियम येणारी माणसं अजून आहेत.

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं तिथे मिळतात: केळं, आंबा, फणसाचा गरा, फोड काढलेलं कलिंगड. एकेकाळी कोकणातल्या लग्नघरी रुखवतात ती मांडलेली असत. भोवरा, पाट, पोळपाट, बाहुलीची भातुकली. दुकानाच्या मागेच चरक फिरत असतो आणि लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकली की रंग वितळून वळसा घेतो. ते दोन मिनिटं पाहिलं की मूल दुकानातून हलत नाही.

जेवणाबद्दल थोडंच, कारण ते ताटात जास्त चांगलं कळतं. हॉटेलात ‘मालवणी थाळी’ म्हणून जे मिळतं ते या जिल्ह्याचं सणाचं जेवण आहे. कोंबडी-वडे, सोलकढी, तिरफळं घातलेला बांगडा. रोजचं जेवण वेगळं: सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, दुपारी कुळथाची पिठी आणि भात. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, मेपासून फणस. पाहुण्यासाठी मुद्दाम केला जाणारा पदार्थ म्हणजे शिरवाळे. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून त्यांच्या शेवया पाडायच्या. साच्याच्या दांड्यावर दोघांनी जोर लावल्याशिवाय त्या उतरत नाहीत. वरून गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस. एखाद्या घरी शिरवाळे झाले, तर त्या घराने सकाळपासून तुमच्यासाठी खपून तयारी केली आहे, हे समजावं.

मालवणी भाषेचं नाव बहुधा थट्टेसाठीच घेतलं जातं, आणि याला थोडंफार कारण तिच्या यशातच आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणलं, त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले आणि मालवणी बोली महाराष्ट्राच्या घराघरात पोचली. पोचली ती विनोदाची म्हणून. पण झील आणि चेडू, आवस आणि बापूस, खंय आणि थंय ही शोकाचीही भाषा आहे, देवाच्या गाऱ्हाण्याचीही आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कथा-कादंबऱ्यांतला अंधार, देवचाराची भीती, रानातली एकटी घरं याच मातीतून आलेली आहेत. दशावताराची रात्र पाहून मग खानोलकर वाचावेत. पानं वेगळी दिसू लागतात.

गणेश चतुर्थीला, म्हणजे चवथीला, मुंबईचे चाकरमानी घरी परततात. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हापासून हा परतीचा प्रवास सोपा झाला, तरी चवथीच्या आठवड्यात डब्यात पाय ठेवायला जागा नसते. घरातल्या गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगलेली असते, तिला माटवी म्हणतात. रानातली फळं, वेली, सुपाऱ्या, कवंडळं, नारळांचा घड असं त्या ऋतूत जे जे उगवलं आहे ते तिला बांधायचं. माटवी भरायला रानात जावं लागतं आणि कोणतं फळ कुठे मिळतं ते ठाऊक असावं लागतं. शहरात वाढलेल्या नातवाला आजोबा त्या दोन दिवसांत जेवढी झाडं दाखवतात, तेवढी शाळेच्या पुस्तकात नसतात.

मालवण तालुक्यात पाहाव्यात अशा आणखी दोन जागा आहेत. धामापूरचा तलाव १५३० सालचा. झाडीने वेढलेल्या त्या पाण्याच्या काठी भगवतीचं देऊळ आहे. लग्नाला दागिने हवे असले की फुलांचे दागिने करून परडी पाण्यात सोडायची आणि देवी तसेच सोन्याचे द्यायची, कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि देणं थांबलं, अशी कथा गावात सांगतात. २०२० साली या तलावाला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. पाणी आजही शेतीला जातं. दुसरी जागा कुडोपीचा सडा. उघड्या जांभ्यात कोरलेल्या आकृत्या, माणसांच्या आणि प्राण्यांच्या, माणूस लिहायला शिकण्याच्या आधीच्या. कोकणातल्या अशा कातळशिल्पांच्या जागा २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यांत कुडोपी आहे. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावं. तिरप्या उन्हातच रेषा उठून दिसतात. आणि त्यांच्यावर पाय देऊ नये.

दिवाळीच्या सुमारास भातकापणी आटोपत आलेली असते, देवळांना रंग लागत असतो, दशावतारी कंपन्यांच्या वह्यांत तारखा भरत असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्ली गावी माऊलीची जत्रा भरते. तिला लोटांगणांची जत्रा म्हणतात. नवस केलेले पुरुष रात्री देवळाभोवती जमिनीवरून लोटांगण घेत जातात, बायका उभ्याने प्रदक्षिणा घालतात. त्यानंतर गावोगावच्या जत्रांची जी माळ लागते ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सुटत नाही.

जायचं असेल तर सावंतवाडी, कुडाळ किंवा कणकवली स्टेशनवर उतरावं आणि आज कुठे जत्रा आहे ते रिक्षावाल्यालाच विचारावं, त्याला ठाऊक असतं. अंगावर घ्यायला चादर आणि बसायला पेपर असू द्यावा. नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. मध्येच आरतीचं तबक घेऊन एखादं पात्र प्रेक्षकांत येतं, त्यात हात आखडता घेऊ नये. कंपनीची बिदागी मोठी नसते. आणि अर्ध्यावर उठू नये. नाटक सुरू व्हायला बारा वाजतात, हंडी फुटते उजाडताना.